उपाशीपोटी १४८, पोह्यांनंतर २३८: सकाळच्या शुगरचं काय करायचं?

सुदामानगरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "ह्यांचं वय ५६, डायबेटिस सहा वर्षांपासून. सकाळी नाश्त्याच्या वेळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. रात्री गोडाला हात लावत नाहीत, तरी सकाळी उपाशीपोटी १४० ते १५०. परवा १४८ होती आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी २३८. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी ८.१ टक्के आली. नाश्त्याला आमच्याकडे बहुतेक पोहेच असतात. कोणी म्हणतं पोहे बंद करा, ओट्स द्या. कोणी म्हणतं नाश्ताच बंद करा. पोहे नाहीत म्हटलं की हे चिडतात. मग द्यायचं तरी काय? आणि रविवारची जिलबी अगदीच नाही का?"

ताई, इंदूरमध्ये डायबेटिसच्या रुग्णांच्या ताटात डोकावायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. या काळात हा प्रश्न ज्या घरांतून आला त्यातल्या बहुतेक घरांत एकच घोटाळा दिसला: दोन आकड्यांचं खापर एकाच ताटलीवर फुटतं. म्हणून आधी हे दोन आकडे वेगळे करू. १४८ मोजले तेव्हा पोहे अजून कढईतसुद्धा गेलेले नव्हते, त्यामुळे त्यांचा दोष पोह्यांवर टाकता येणार नाही. तिथून २३८ पर्यंत जी नव्वदची चढ झाली, ती नाश्त्याची. पहिल्या आकड्याचा उपाय रात्रीत शोधायचा आणि दुसऱ्याचा सकाळच्या ताटलीत.

रात्री आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतच राहते. ती पुरवायचं काम यकृताचं. दिवसा साठवलेल्या साखरेतून ते थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. पहाटे तीनच्या पुढे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत जास्त साखर सोडू लागतं. डायबेटिस नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड तेवढंच इन्सुलिन वाढवतं, त्यामुळे आकडा जागचा हलत नाही. तुमच्या मिस्टरांचं स्वादुपिंड तिथे कमी पडतं. डॉक्टर याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात. रात्री गोड न खाताही सकाळी शुगर वाढलेली का दिसते, याचं बहुतेकांच्या बाबतीत हेच उत्तर असतं. ते चोरून काही खातात असा संशय घेऊ नका. या एका आकड्यावरून घराघरात भांडणं होताना मी पाहिली आहेत, आणि बऱ्याचदा तो माणूस बिचारा खरंच बोलत असतो.

पण इथे दुसऱ्याही शक्यता आहेत. त्या नुसत्या अंदाजाने ठरवू नका, मोजून बघा. आठवड्यातल्या कुठल्याही दोन रात्री तीन वेळा शुगर घ्या: झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी उठल्यावर. झोपताना आणि तीनला ठीक असून सकाळी वर गेली असेल, तर ती पहाटेची वाढ. झोपतानाच १८०-१९० असेल आणि तशीच सकाळपर्यंत राहिली असेल, तर गोष्ट रात्रीच्या जेवणाची किंवा औषधाच्या मात्रेची आहे. आणि तीनला ७० च्या खाली सापडली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने किंवा इन्सुलिनने रात्री शुगर उतरू शकते. घामाने भिजलेला बनियन, भीतीदायक स्वप्नं, सकाळी जड झालेलं डोकं ही त्याची लक्षणं. पहाटे तीनचा गजर लावायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण नंतर सहा महिने अंदाजाने गोळ्या बदलण्यापेक्षा या दोन रात्री खूप स्वस्त पडतात.

आता तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट विचारते. रात्री जेवता किती वाजता? आपल्या इंदुरात दुकान वाढवून माणूस घरी यायला दहा वाजतात, आणि पाहुणे असले की साडेअकराला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, चक्कर ठरलेलीच. गोड नाही खाल्लं तरी भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), साबुदाण्याची खिचडी हे सगळं पिष्टच, म्हणजे पचल्यावर साखर होणारं कार्बोहायड्रेट. त्यात तुपातलं आणि तळलेलं जेवण हळू पचतं, त्यामुळे त्याची साखर उशिरा वर येते आणि बराच वेळ टिकते. रविवारी रात्री दाल-बाफले (डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) झाले की सोमवारची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, बिघडलेली दिसते ती यामुळेच. झोपताना आकडा वाकडा दिसत नाही, म्हणून त्या बाफल्यावर कुणाचा संशयही जात नाही. रात्रीचं जेवण आठच्या सुमारास हलवता आलं, भात एका मुदीपुरता ठेवला आणि जेवून दहा-पंधरा मिनिटं गल्लीत चाललं, तर पुष्कळांचा उपाशीपोटीचा आकडा दोन-तीन आठवड्यांत खाली येऊ लागतो. झोपेकडेही लक्ष द्या. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचं काम आणखी अवघड होतं. मिस्टर मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडल्यासारखा होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

एवढं करूनही फास्टिंग उतरली नाही, तर तो औषधाचा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांनीच सोडवायचा. रात्रीची मेटफॉर्मिन यकृताचं साखर सोडणंच कमी करते. तिची मात्रा वाढवायची की दुसरं काही जोडायचं, हे ठरवायला तुमच्या त्या तीन वेळच्या नोंदी त्यांना फार उपयोगी पडतील.

आता ताटलीकडे वळू. पहाटे शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचा जो पवित्रा घेतलेला असतो, तो नाश्त्याच्या वेळी पुरता सुटलेला नसतो. म्हणून टाइप २ डायबेटिसमध्ये दिवसातली सगळ्यात मोठी उडी बहुतेकांना नाश्त्यानंतरच दिसते. दुपारी दोन पोळ्या सहज पचवणारा माणूस सकाळी तेवढ्याच पिठाने दोनशेच्या वर जातो. म्हणजे पिष्ट कमी ठेवायचं एकच जेवण निवडायचं असेल, तर ते सकाळचं निवडावं. आणि आपण नेमकं उलट करतो. पोहे, उपमा, शिरा, साबुदाणा, इडली, ब्रेड: आपला सगळा नाश्ता पिष्टाचा. आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशव्यापी पाहणीतही हेच दिसलं की आपल्या देशात रोजच्या ऊर्जेतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा पिष्टमय पदार्थांतून येतो. सकाळी तर तो आणखीच जास्त असावा, असं घरोघरचे डबे बघून माझं मत झालं आहे.

रामबागेतल्या एका काकांची गोष्ट सांगते. शुगर तुमच्या मिस्टरांसारखीच, आणि "आम्ही थोडेसेच पोहे खातो" हे वाक्यही तेच. मी त्यांच्या घरी वजनकाटा घेऊन गेले आणि काकूंना म्हटलं, रोज घेता तसेच काकांपुरते पोहे काढा. त्यांनी डब्यातून दोन वाट्या परातीत ओतल्या. काट्यावर टाकले तर ८४ ग्रॅम. भिजवल्यावर ते फुलले, मऊ झाले, आणि काकू म्हणाल्या, "बघा, एवढेसेच तर आहेत." सुक्या पोह्यांत शंभर ग्रॅममागे ७६-७७ ग्रॅम पिष्ट असतं. म्हणजे त्या ८४ ग्रॅमचं झालं साधारण ६५ ग्रॅम. मध्यम पोळीत वीसेक ग्रॅम असतं. काका नुसत्या पोह्यांतूनच तीन पोळ्या खात होते. त्यात एक बटाटा, इंदुरी चवीची चमचाभर साखर, मूठभर शेव आणि दोन चमचे साखरेचा चहा धरला, की झाल्या चार पोळ्यांच्याही वर. सकाळी आठ वाजता चार पोळ्या वाढल्या असत्या तर काकांनीच हात आडवा केला असता. पोहे मऊ, लुसलुशीत, चावायला फार लागत नाहीत, म्हणून पोटाला आणि डोळ्याला कळत नाहीत एवढंच.

त्या दिवशी काकांनी नेहमीसारखेच पोहे खाल्ले. आधी १३१, दोन तासांनी २२६. दोन दिवसांनी आम्ही तोच नाश्ता नव्याने मांडला. रात्री भिजवून मोड आणलेली मटकी होतीच. तिची मोठी वाटीभर उसळ केली, तेल चमचाभर, वरून कांदा-कोथिंबीर आणि लिंबू. पोहे ३० ग्रॅमच घेतले. बटाटा काढला आणि त्या जागी मटार, किसलेलं गाजर, भरपूर कांदा आणि मूठभर शेंगदाणे घातले. साखर नाही. शेव चिमूटभर, मन राखायला. काकांना सांगितलं, आधी उसळ खायची, सगळी, आणि मग पोहे. चहा शेवटी, बिनसाखरेचा. त्या दिवशी आधी १२८, दोन तासांनी १७१. पंचाण्णवची चढ त्रेचाळीसवर आली. काकूंनी ते दोन्ही आकडे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. प्रत्येकाचा आकडा असाच येईल असं मी म्हणत नाही, पण दिशा बहुतेकांची हीच असते.

इथे दोन गोष्टी कामाला आल्या. एक, ताटलीत प्रथिनं आणि तंतू (फायबर) वाढले, पिष्ट घटलं. दुसरी गोष्ट क्रमाची, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिकल कॉलेजात मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं होतं: एकदा आधी ब्रेड आणि संत्र्याचा रस, पंधरा मिनिटांनी चिकन आणि भाज्या; दुसऱ्या वेळी उलट. भाज्या आणि चिकन आधी खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची शुगर सुमारे ३७ टक्के कमी निघाली. अभ्यास छोटा आहे, पण माझ्या रुग्णांच्या वह्यांमध्येही मला तेच दिसत आलं आहे. आधी पोटात गेलेली प्रथिनं आणि तंतू जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात, मग मागून आलेलं पिष्ट रक्तात सावकाश उतरतं. आपल्या इंदूरच्या उसळ-पोह्यांमध्ये ही अक्कल आधीपासून आहे, फक्त ठेल्यावर प्रमाण उलटं असतं: खाली ढीगभर पोहे आणि वर डावभर उसळीची तर्री. घरी हे प्रमाण फिरवा. उसळ वाटीभर आणि पोहे तोंडी लावण्याइतके. म्हणजे पोहे सोडायचे नाहीत, त्यांना मुख्य जागेवरून उठवून बाजूला बसवायचं आहे. मिस्टरांनाही हे असंच सांगा. 'बंद' हा शब्द वापरलात की चिडचिड ठरलेली.

एकदा काट्यावर ३० ग्रॅम पोहे मोजा, ते घरातल्या एका वाटीत कुठवर येतात ते बघा आणि तीच वाटी पोह्यांच्या डब्यात कायमची ठेवून द्या. रोज वजन करायची गरज नाही. जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, घालायला हरकत नाही, पण त्यात मीठ बरंच असतं. बीपी असेल तर बोटाच्या चिमटीत मावेल तेवढंच.

रोज पोहे-उसळ नको असेल तर आपल्याच स्वयंपाकघरात पुष्कळ आहे. मुगाच्या डाळीची धिरडी मला सगळ्यात आवडतात. मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम डाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची घालून वाटायची, पालक चिरून मिसळायचा. दोन धिरडी होतात आणि त्यांतून बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पिष्ट त्यातही आहे, तीस ग्रॅमच्या आसपास, पण ते डाळीचं, हळू उतरणारं. आत थोडं पनीर कुस्करून घातलंत तर दुपारच्या जेवणापर्यंत भूक लागत नाही. थालीपीठही चालेल, पण भाजणी दळायला देताना जरा बदल करा: तांदूळ आणि गहू कमी, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ मिळून निम्म्याच्या जवळ. एकच थालीपीठ, सोबत वाटीभर दही. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचं आमलेट आणि एक पोळी हा नाश्ता मोजायला सोपा. शिळ्या पोळीचा कुस्करा एकाच पोळीचा करा, त्यात कोबी आणि शेंगदाणे भरपूर घाला आणि सोबत ताक घ्या. उपमा, सांजा आणि इडली यांना पोह्यांचाच नियम: छोटी वाटी, आणि आधी डाळ किंवा उसळ किंवा सांबारातली डाळ-भाजी.

ओट्सचं विचारलंत. ओट्स वाईट नाहीत, पण पाकिटातले दोन मिनिटांत शिजणारे मसाला ओट्स इतके बारीक केलेले असतात की ते पोह्यांहून फार सावकाश पचत नाहीत. साधे, जाड ओट्स ताकात किंवा भाज्या घालून खाल्ले तर चांगले. दूध-केळं-मध घालून केलेले ओट्स मला तरी डायबेटिसच्या ताटलीत बघवत नाहीत. मध आणि गूळ यांना साखरेपेक्षा निराळी वागणूक देऊ नका, रक्तात जाऊन ते तेच काम करतात. डब्यावर 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांत साखर नसते, मैदा असतो. मोसंबीचा रस तर मुळीच नको. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या पिळल्या जातात आणि चोथा, म्हणजे तंतू, बाहेर टाकला जातो. अख्खं फळ खावं, तेही नाश्त्याबरोबर नको, अकराच्या सुमाराला मूठभर शेंगदाण्यांबरोबर. भिजवलेली मेथी घेत असतील तर घेऊ द्या, तिच्या तंतूंचा थोडा उपयोग होतो, पण ती गोळीची जागा घेणार नाही. कारल्याच्या रसाच्या भरवशावर गोळी सोडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे आकडे बघून वाईट वाटतं.

आणि पहाटेचा तो पहिला चहा! तुम्ही नाश्ता म्हणून पोहे लिहिलेत, पण सहा वाजता चहाबरोबर काय असतं? चार मारी बिस्किटं किंवा दोन टोस्ट म्हणजे आणखी एक पोळी, शिवाय चहातली साखर वेगळी. या पहिल्या चहाला कोणी नाश्त्यात धरत नाही. तो बिनसाखरेचा करायला पंधरा दिवस लागतात: आधी दोनाचा दीड चमचा, मग एक, मग अर्धा. आलं, गवती चहा, वेलची वाढवत न्या. जीभ बदलते, खरंच बदलते. बिस्किटांच्या जागी चार-पाच बदाम किंवा भाजलेले फुटाणे.

आता ज्याने माझा जीव खरोखर घाबरतो, ते. नाश्ताच बंद करा असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी तुमच्या मिस्टरांची गोळी बघितलेली नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला ढकलून इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन नाश्ता टाळला तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. त्याहून जास्त धोक्याचा प्रकार मी दरवर्षी बघते: सकाळी सहाला गोळी घेऊन माणूस मेघदूतच्या बागेत किंवा नेहरू पार्कात तासभर झपाझप चालतो, मग मित्रमंडळींबरोबर गप्पा, आणि नाश्ता नऊला. एका गृहस्थांना बागेतल्या बाकावरून उचलून आणावं लागलं होतं. ते घामाने निथळत होते, बायकोचं नाव सांगता येत नव्हतं. बघणाऱ्यांना वाटलं अर्धांगवायू. शुगर निघाली ४१. गोळी आणि नाश्ता यांची जोडी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाळायचीच. फिरायला जायचं तर गोळी परत आल्यावर, नाश्त्याच्या वेळी घ्यावी का, हे त्यांना विचारून घ्या. ताटलीतलं पिष्ट आता कमी करणार आहात, म्हणून गोळीची मात्राही कमी करावी लागू शकते. हे बदल सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा आणि पहिले दोन आठवडे शुगर जास्त वेळा मोजा. आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका, सोडूही नका.

शुगर लो झाली, म्हणजे ७० च्या खाली गेली किंवा हातपाय कापायला लागले, तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. पुढेमागे त्यांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आली, तर घरात ग्लुकोज पावडर हवीच, कारण या गोळ्या साखरेचं विघटन लांबवतात आणि साध्या साखरेने लो भरून यायला उशीर होतो. ही गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

नाश्त्यानंतर खुर्चीत पेपर घेऊन बसण्याआधी पंधरा मिनिटं चालायला सांगा. घरातल्या घरात, गच्चीवर, कुठेही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात २०१६ साली ४१ रुग्णांवर हे करून बघितलं होतं: दिवसात कधीही तीस मिनिटं सलग चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी निघाली. पायांचे स्नायू चालू असले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. सकाळचा फेरफटका चालूच राहू द्या, फक्त फिरून आल्यावर ठेल्यावर ग्रुपबरोबर जी प्लेट होते, तिचा विचार करा. अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढं कमावलं, त्याहून जास्त त्या एका प्लेटीत परत येतं.

मोजायचं कसं, तेही सांगते. नाश्त्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. ताटली संपल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. वहीत तीन रकाने: काय खाल्लं, आधी किती, नंतर किती. एका पदार्थाला दोन संधी द्या, कारण मीटरमध्येच थोडा फरक असतो. १७१ आणि १८० यात काही शोधत बसू नका. हात साबणाने धुऊन कोरडे करून मगच बोट टोचा, आणि टोचताना बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. एका आजोबांनी मला घाबरून फोन केला होता, ३१२ आली म्हणून. नुकतंच सीताफळ सोलून नातवाला भरवलं होतं. हात धुऊन पुन्हा बघितली तर १६४. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य सांगते. तुमच्या मिस्टरांनी आधी आणि नंतरची चढ पन्नासच्या आत आणली, तर ती ताटली त्यांना मानवली असं मी धरेन. मग लोक काय म्हणतात ते ऐकायची गरज नाही. ज्या ताटलीने त्यांच्या वहीत चांगला आकडा दिला, ती त्यांची.

उपासाच्या दिवशी मात्र कानाडोळा करू नका. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. एकादशीला सकाळी त्याची खिचडी म्हणजे पोह्यांहूनही वाईट. करायचाच तर राजगिऱ्याचं थालीपीठ, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक. आणि गोळी चालू असताना निर्जळी उपास डॉक्टरांना न विचारता नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मी सांगितलेली वाटीभर उसळ आणि दोन अंडी तपासणीशिवाय सुरू करू नका. प्रथिनांचं प्रमाण अशा वेळी डॉक्टर ठरवतील. वर्षभरात ती तपासणी झाली नसेल तर या निमित्ताने करून घ्या, डोळ्यांच्या पडद्याचीही.

राहिली जिलबी. पूर्ण बंदी मी घालत नाही, कारण बंदी घातलेली जिलबी बाहेर, मला न सांगता, पावभर खाल्ली जाते. पण नियम कडक आहेत. रिकाम्या पोटी कधीच नाही. रविवारी उसळ आणि पाऊण वाटी पोहे झाल्यावर शेवटी, छोटीशी, एक. त्या दिवशी चहा नाही आणि दुपारी भात नाही. लगेच वीस मिनिटं चालायचं आणि दोन तासांनी मोजायचं. दोनशेच्या वर गेली, तर पुढच्या रविवारी अर्धी. आणि आधीच १६० च्या वर असेल, तर त्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी.